वाचकांचे प्रश्न : कमी किमतीचा म्युझिक प्लेअर निवडताना आणि वापरताना

मागील अंकात आम्ही खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न अर्थातच आहे. पण त्याहून अधिक पत्रे घेतलेला प्लेअर नीट चालत नाही म्हणून कपाटात पडून असल्याची आहेत. बहुतेक ठिकाणी दोष यंत्रात नसून त्यात गाणी ज्या पद्धतीने भरली आहेत तिच्यात आहे, आणि तो घरच्या घरी दूर करता येतो. म्हणून काही उत्तरे नेहमीपेक्षा विस्ताराने देत आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ असून ती दर वर्षी आळंदीहून दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जाते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि स्मार्टफोन तिला नको आहे. मुक्कामाच्या ठिकाणी आणि एरवी घरी अभंग व कीर्तने ऐकता यावीत म्हणून तिला लहानसा प्लेअर घेऊन द्यायचा आहे. दीड-दोन हजारांत काय पाहून घ्यावे? (एक वाचक, सातारा)

खोक्यावर ठळक छापलेले आकडे, म्हणजे किती जीबी, किती फॉरमॅट, किती इंची पडदा, हे सर्व आपल्या आईंच्या बाबतीत दुय्यम आहे. सर्वांत आधी बटणे पाहावीत. चालू-बंद, पुढे, मागे, आवाज वाढवणे आणि आवाज कमी करणे या प्रत्येक कामाला स्वतंत्र, उंचावलेले आणि न बघता अंगठ्याला कळेल असे बटण असावे. पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये ‘पुढचे गाणे’ आणि ‘आवाज वाढवा’ ही दोन्ही कामे एकाच बटणावर असतात. बटण हलके दाबले तर गाणे बदलते आणि दाबून धरले तर आवाज वाढतो. तरुण माणसाला त्याची सवय होते, पण थकलेल्या हातांना ते जमत नाही. आवाज वाढवायला गेले की ऐन रंगात आलेले कीर्तन निघून जाते, आणि दोन-तीनदा असे झाले की प्लेअर बाजूला पडतो. टच पडद्याचा प्लेअर याच कारणासाठी टाळावा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होण्याची सोय. कीर्तनाची एक फाइल तास-दीड तासाची असते. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर ते पहिल्या फाइलच्या आरंभाशी जात असेल, तर आपल्या आईंना रोज पूर्वरंगच ऐकावा लागेल आणि उत्तररंगापर्यंत त्या कधीच पोहोचणार नाहीत. ही सोय खोक्यावर क्वचितच लिहिलेली असते, म्हणून दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. त्यात एक लांब कीर्तन आणि क्रमांक दिलेली आठ-दहा गाणी भरून ठेवावीत. कीर्तन मध्येच थांबवून यंत्र पूर्ण बंद करावे, कार्ड काढून पुन्हा घालावे आणि मग ते कुठून सुरू होते ते पाहावे. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत इअरफोनमधून खरखर येते का, तेही ऐकून घ्यावे. ज्या दुकानदाराला ही पाच मिनिटे द्यायची नाहीत, त्याच्याकडून खरेदी न केलेली बरी.

बॅटरीचे गणित सोपे आहे. लहान प्लेअरमध्ये साधारण २०० ते ३०० एमएएचची बॅटरी असते आणि तारेच्या इअरफोनवर ती दहा-बारा तास पुरली तर समाधान मानावे. दिवसाला दीड-दोन तास ऐकणाऱ्या माणसाला ती पाच-सहा दिवस पुरते. अंगचा स्पीकर किंवा ब्लूटूथ वापरल्यास मात्र हे तास बरेच कमी होतात. वारीत पॉवर बँकेवर चार्ज करणार असाल तर एक अडचण आधीच जाणून घ्यावी. इतके लहान यंत्र वीज फारच थोडी ओढते, त्यामुळे काही पॉवर बँका ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून आपोआप बंद पडतात. घरी एकदा पूर्ण चार्ज करून ही खात्री करून घ्यावी.

अंगच्या स्पीकरचा प्लेअर घरी सोयीचा असतो, पण मुक्कामाला दिवसभर चालून दमलेली माणसे आसपास झोपलेली असतात, तिथे इअरफोनच हवा. रस्त्याने चालताना तो लावू नये, हे आईंना आवर्जून सांगावे. एफएम रेडिओ असल्यास उत्तम, मात्र त्यासाठी तारेचाच इअरफोन लागतो, कारण ती तारच ॲन्टेनाचे काम करते.

पडद्याशिवायचा, कपड्याला अडकवता येणारा आयपॉड शफल या कामाला फार चांगला होता. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये आयपॉडची उरलेली मालिकाही बंद झाली. जुन्या बाजारात तो अजून दिसतो, परंतु इतक्या वर्षांत त्याची बॅटरी दमलेली असते, म्हणून आईंसाठी तो घेऊ नये.

प्रश्न : मी चाळीस अभंगांना १ ते ४० असे क्रमांक देऊन ते प्लेअरमध्ये भरले. एका प्लेअरवर १ नंतर १०, ११, १२ असे लागतात. दुसऱ्यावर तर कसलाच क्रम नाही. शिवाय देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. (एक वाचक, चिपळूण)

आपल्या दोन प्लेअरचे दोष वेगवेगळे आहेत. पहिला प्लेअर नावे अक्षरांप्रमाणे लावतो. त्याला ‘१०’ ही संख्या म्हणून कळत नाही. तो आधी पहिले चिन्ह पाहतो, आणि १, १०, ११ या सर्वांचे पहिले चिन्ह एकच असल्यामुळे त्यांना एकत्र ठेवतो. यावर उपाय म्हणजे ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक देणे आणि फाइली शंभराहून अधिक असल्यास ००१ पासून आरंभ करणे. हे आकडे इंग्रजी कळफलकावरचे असावेत.

दुसरा प्लेअर नावे पाहतच नाही. कार्डावर कोणती फाइल कुठे आहे याची एक नोंदवही असते. जी फाइल आधी कॉपी झाली तिची नोंद सहसा आधी होते, आणि स्वस्त प्लेअर त्या नोंदवहीच्या क्रमानेच गाणी वाजवतात. एखादी फाइल पुसली की तिची नोंद रिकामी होते आणि नंतर भरलेली फाइल त्या मधल्या जागेत जाऊन बसते. अनेक महिने गाणी काढत-घालत राहिलेल्या कार्डावरचा क्रम कोणालाच उलगडत नाही, त्याचे कारण हे आहे. अशा वेळी सर्व फाइली संगणकावर काढून घ्याव्यात, कार्ड फॉरमॅट करावे, म्हणजे पूर्ण पुसून नव्याने आखावे, आणि क्रमांक दिलेल्या फाइली नावाप्रमाणे लावून क्रमाने पुन्हा भराव्यात. सगळ्या फाइली निवडून ओढताना यादीतील पहिलीच फाइल माउसने पकडावी, कारण जी पकडली ती आधी जाण्याची शक्यता असते. एवढे करूनही क्रम बिघडला तर फॅटसॉर्ट नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो गाण्यांना हात न लावता फक्त ती नोंदवही नावाप्रमाणे लावून देतो.

मॅक संगणकावरून गाणी भरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी एक छोटी फाइल कार्डावर जाते. संगणकावर ती लपलेली असते, पण प्लेअरला मात्र दिसते, आणि तो ती वाजवायला जाऊन अडखळतो. या फाइली पुसून टाकल्या तरी गाण्यांना काही होत नाही.

आता चौकोनांविषयी. यांतील बऱ्याच यंत्रांत देवनागरी अक्षरांचा फॉन्टच नसतो, आणि ज्यांत असतो त्यांनाही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणणे किंवा जोडाक्षर जुळवणे पुष्कळदा जमत नाही. गाण्याचे नाव फाइलच्या नावात असते तसेच फाइलच्या आत, टॅगमध्येही असते, आणि प्लेअर बहुधा टॅगमधलेच नाव दाखवतो. त्यामुळे नुसते फाइलचे नाव बदलून चौकोन जात नाहीत. एमपीथ्रीटॅगसारख्या मोफत प्रोग्रामने चाळीसही फाइलींचे टॅग एकदम बदलता येतात. मी स्वतः घरच्या वडीलधाऱ्यांसाठी टॅगमध्ये केवळ क्रमांक ठेवतो आणि जाड पेनाने एका पुठ्ठ्यावर मराठीत यादी लिहून देतो : ०१ भूपाळी, ०२ काकडा, ०३ अमुक अभंग. पडद्यावर ‘१७’ दिसले की पुठ्ठ्यावर १७ पाहायचे. बारीक पडद्यावरच्या कोणत्याही नावापेक्षा हा पुठ्ठा अधिक उपयोगी पडलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : ६४ जीबीचे नवे कार्ड प्लेअर वाचत नाही, तेच कार्ड फोनमध्ये चालते. प्लेअर खराब आहे का? (एक वाचक, नांदेड)

बहुधा नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ या पद्धतीने आखलेली येतात आणि त्याहून मोठी एक्सफॅट या पद्धतीने. स्वस्त प्लेअरना फक्त पहिली पद्धत कळते. ६४ जीबीचे कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केल्यास यांतील बरेच प्लेअर ते निमूट वाचतात. मात्र विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डासाठी हा पर्याय बहुधा दिसत नाही आणि वेगळा प्रोग्राम वापरावा लागतो. फॉरमॅट केल्यावर कार्डावरचे सर्व काही पुसले जाते, तेव्हा आधी प्रत काढून ठेवावी.

पण मुळात एवढे मोठे कार्ड हवे का, याचा विचार करावा. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला १२८ किलोबिट वापरणाऱ्या, एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. त्या हिशेबाने ३२ जीबीत साडेपाचशे तासांचे संगीत मावते. रोज तीन तास ऐकले तरी ते सहा महिने पुरेल. मोठ्या कार्डावर हजारो फाइली भरल्या की हे प्लेअर चालू व्हायलाच वेळ घेतात. १६ किंवा ३२ जीबीचे खात्रीचे कार्ड त्यांना पुरेसे असते.

‘खात्रीचे’ या शब्दावर माझा भर आहे. काही वर्षांपूर्वी मी एका फुटपाथवरच्या टपरीवरून १२८ जीबी छापलेले कार्ड फार स्वस्तात घेतले होते. गाणी भरताना काहीही तक्रार आली नाही, सर्व नावे यादीत दिसत होती. पण ठरावीक फाइलच्या पुढचे एकही गाणे वाजेना. तपासल्यावर त्या कार्डाची खरी जागा १६ जीबीसुद्धा भरली नाही. अशा कार्डातील चिपला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते, आणि जागा संपल्यावर भरलेला मजकूर एक तर हरवतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. नवे कार्ड हाती येताच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स व मॅकवर एफथ्री या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून तपासावे. वेळ लागतो, पण परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी खरे-खोटे कळते.

प्रश्न : मी शास्त्रीय संगीत ऐकतो. माझ्याकडील सीडींवर विलंबित आणि द्रुत असे वेगळे ट्रॅक आहेत. प्लेअरवर त्यांच्यामध्ये क्षणभर आवाज तुटतो. एमपीथ्रीऐवजी फ्लॅक वापरल्यास हे टळेल का, आणि तंबोराही अधिक चांगला ऐकू येईल का? (एक वाचक, मिरज)

तंबोऱ्याचे गाव असलेल्या मिरजेहून हा प्रश्न यावा, याचा मला आनंद झाला. सिनेसंगीत ऐकणाऱ्याला हा खंड जाणवत नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतता असतेच. ख्यालात मात्र तंबोरा अखंड चालू असतो, आणि त्या अखंड नादाला पडलेले क्षणाचे छिद्रही कानाला बोचते.

एमपीथ्री आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे करते; सीडीच्या दर्जावर एक तुकडा सेकंदाच्या सुमारे चाळीसाव्या भागाएवढा असतो. संगीत नेमके तुकड्याच्या कडेला संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि आरंभीही थोडी शांतता जोडली जाते. चांगले प्लेअर फाइलमधील नोंद वाचून ही शांतता कापून टाकतात, स्वस्त प्लेअर तसे करत नाहीत. फ्लॅक म्हणजे आवाजातील काहीही न गाळता फाइल लहान करण्याची पद्धत; तिच्यात अशी भर पडत नाही. पण पुढची फाइल उघडायला लागणारा वेळ उरतोच, त्यामुळे स्वस्त यंत्रावर फ्लॅकनेही खंड पूर्ण जाईलच असे नाही. खात्रीचा उपाय वेगळा आहे : सीडी संगणकावर घेतानाच विलंबित आणि द्रुत हे ट्रॅक जोडून संपूर्ण रागाची एकच फाइल करावी. सीडी उतरवून घेणाऱ्या अनेक प्रोग्राममध्ये अनेक ट्रॅकची एक फाइल करण्याची सोय असते. राग मुळात सलग गायलेला असतो, तो तसाच ऐकावा.

दर्जाविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की, दोन हजारांच्या प्लेअरवर आणि पाचशेच्या इअरफोनवर २५६ केबीपीएसची नीट केलेली एमपीथ्री आणि फ्लॅक यांतील फरक ऐकू येण्याची शक्यता फार थोडी. तासभराची सीडी मूळ रूपात सुमारे ६३५ एमबी भरते. फ्लॅकमध्ये ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते आणि २५६ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ११५ एमबी. संगणकावर फ्लॅक जपून ठेवावी आणि प्लेअरसाठी तिची एमपीथ्री करावी, हे सर्वांत शहाणपणाचे. उलट प्रवास मात्र निरर्थक आहे : १२८ केबीपीएसची फाइल फ्लॅकमध्ये बदलल्याने गेलेला तपशील परत येत नाही, फक्त जागा जास्त लागते. ज्यांचे वास्तव्य आपल्याच गावात होते त्या गायक अब्दुल करीम खाँ यांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांसारखी जुनी ध्वनिमुद्रणे तर एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो आहेत. ती मोनो फाइल म्हणूनच ठेवावीत. जागा निम्मी लागते आणि आपण काहीच गमावत नाही.

पैसे वाढवायचेच असतील तर ते इअरफोनवर वाढवावेत. मात्र स्टुडिओत वापरतात ते २५० किंवा ३०० ओहम रोधाचे हेडफोन घेऊ नयेत, कारण लहान प्लेअरकडे त्यांना पुरेसा आवाज देण्याची ताकद नसते. १६ ते ३२ ओहमचे चालतील.

प्रश्न : दरमहा पैसे भरून ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी प्लेअरमध्ये कशी घ्यावीत? (एक वाचक, ठाणे)

घेता येत नाहीत. ती गाणी कुलूपबंद स्वरूपात असतात, केवळ त्या ॲपमध्येच उघडतात आणि वर्गणी थांबली की बंद होतात. आपण पैसे ऐकण्याचे भरले आहेत, फाइलीचे नाही. प्लेअरसाठी स्वतःच्या सीडी उतरवून घ्याव्यात किंवा बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावरून फाइल विकत घ्यावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो (शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात), त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक तबकड्यांचे ध्वनिमुद्रण आज मोकळे आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्यांतील बऱ्याच ऐकायला मिळतात. चौकातल्या दुकानात ‘गाणी भरून’ घेण्याचा मार्ग मात्र मी सुचवणार नाही.

प्रश्न : प्लेअरला टाइप-सी पोर्ट आहे, तरी फोनच्या चार्जरने तो चार्ज होत नाही. (एक वाचक, म्हापसा)

आपल्या चार्जरची तार दोन्ही टोकांना टाइप-सी आहे, असे दिसते. अशा तारेत प्लेअरने आपली ओळख पटवल्याशिवाय चार्जर वीजच सोडत नाही, आणि ती ओळख देणारे छोटे रोधक काही स्वस्त प्लेअरमध्ये बसवलेले नसतात. चार्जरच्या बाजूने जुने चपटे यूएसबी टोक असलेली तार वापरावी, चार्जिंग सुरू होईल. प्लेअर महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर तो अर्धा चार्ज करून ठेवावा. त्याची पाठ फुगलेली दिसल्यास पुन्हा चार्ज न करता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.

प्रश्न : माझा मुलगा रोज एसटीने दोन तास प्रवास करतो आणि पूर्णवेळ इअरफोन लावतो. कानांना धोका आहे का? (एक वाचक, लातूर)

धोका आवाज किती आणि किती वेळ, या दोन्हींवर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला प्रौढांचे आठवड्याचे चारच तास उरतात. एसटीच्या इंजिनाच्या आवाजावर मात करायला मुले याच पातळीच्या आसपास जातात, खरी काळजी तिथे आहे. कानात घट्ट बसणारी रबरी टोके घेऊन द्यावीत. बाहेरचा आवाज अडला की कमी आवाजावर ऐकू येते. घरी शांत खोलीत आवाज ठरवून प्लेअरवर ती मर्यादा बांधता येत असल्यास बांधावी. उतरल्यावर कानात गुणगुण ऐकू येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.

प्रश्न : माझे काका अंध आहेत. त्यांना नाट्यसंगीत आणि ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकायची असतात. पण कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे ते कळत नाही म्हणून त्यांना दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते. (एक वाचक, कोल्हापूर)

पुस्तकांसाठी आधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात काकांची नोंदणी करावी. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तींसाठी ते २०१६ मध्ये सुरू झाले आणि भारतीय भाषांतील पुस्तके तिथे मिळतात. प्लेअरच्या बाबतीत, रॉकबॉक्स नावाची मोफत प्रणाली काही ठरावीक जुन्या प्लेअरवर बसवता येते आणि तिच्यात मेनू व फोल्डरची नावे बोलून दाखवण्याची सोय आहे. ज्याच्याकडे असा प्लेअर आणि ती प्रणाली बसवून देणारा जाणकार आहे, त्याने ती अवश्य वापरावी.

परंतु कोणत्याही साध्या प्लेअरवर चालेल असा उपायही आहे. प्रत्येक फोल्डरसाठी फोनवर आपल्याच आवाजात एक वाक्य ध्वनिमुद्रित करावे : “काका, हा नाट्यसंगीताचा फोल्डर आहे, यात बावीस पदे आहेत.” त्याची एमपीथ्री करून तिला ०० हा क्रमांक द्यावा आणि ती त्या फोल्डरमध्ये सर्वांत आधी भरावी, म्हणजे फोल्डर बदलताच प्रथम तीच वाजेल. फोल्डर बदलण्याचे स्वतंत्र बटण असलेलाच प्लेअर त्यांच्यासाठी निवडावा आणि त्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळू द्यावा, म्हणजे ते बोटाला लगेच सापडेल.